कप्तानांची सावड

आमच्या ताईच्या दिरांइतका आभाळात शहाणा आणि जमिनीवर वेडा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. ताईला पोशीरला दिली होती. सासरी भातशेती, नेरळ स्टेशनाजवळ भात भरडायची गिरणी आणि घरात हे एक दीर. गावात त्यांना सगळे कप्तान म्हणत. नाव होतं, चांगलं चारचौघांसारखं होतं, पण ते फक्त तलाठ्याच्या दप्तरात आणि विमान कंपनीच्या यादीत वापरात होतं. गिरणीच्या ऑइल इंजिनाशी झटापट करत ते लहानाचे मोठे झाले, जुहूच्या विमानतळावर फिटर म्हणून लागले, तिथल्या साहेबलोकांच्या मागे लागून लागून उडायला शिकले, आणि लढाईत सरकारला माणसं कमी पडू लागली तेव्हा हवाई दलात घुसले. लढाई संपल्यावर डकोटा विमानं भंगाराच्या भावात निघाली. ज्याच्या हाती पैसा त्यानं ती विकत घेऊन विमान कंपनी काढली, आणि अशाच एका कंपनीत कप्तान मुंबईहून हैदराबादेला आणि मद्रासला उतारू नेऊ लागले. सुट्टी मिळाली की मात्र थेट पोशीर. मी तेव्हा कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे माझी सुट्टी आणि त्यांची सुट्टी जुळली की त्यांचा छळ सोसायला मी हजर असे.

छळ हाच शब्द बरोबर आहे. विमान सुरू करण्याआधी एकानं कागदावरची एकेक वस्तू वाचायची आणि दुसऱ्यानं ती डोळ्यांनी बघून 'आहे' म्हणायचं, अशी त्यांच्या धंद्यातली रीत. ती रीत त्यांनी ताईच्या स्वयंपाकघरात आणली. पाटावर बसायच्या आधी दारात उभे राहून विचारायचे, "पानी?" ताई चुलीपुढून म्हणायची, "हाय." "मीठ?" "हाय." "लोनचं?" "हाय." "लिंबू?" "नाय." मग खेळ खलास. लिंबू येईपर्यंत कप्तान पाटावर टेकत नसत, आणि ते टेकत नाहीत म्हणून आम्हीही ताटकळत उभे. ताई म्हणायची, "भावजी, आमटी निवली की." त्यावर कप्तान अगदी शांतपणे, "वैनी, लिंबाबिगर उडालो आन् वर गेल्यावर लागला तर कुठं उतरू?" पुढे पुढे ताई इतकी तयार झाली की घरात असो नसो, प्रत्येक गोष्टीला 'हाय' म्हणून मोकळी व्हायची. कप्तानांना ते कळायचं. तरी ते बसायचे, कारण कागदावर खूण झाली होती.

बैलगाडी जुंपली की तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर. चाकं दाबून बघायची, जू हलवून बघायचं, कण्याला नाक लावून वास घ्यायचा, बैलांच्या कानात डोकवायचं. एकदा शेपटी नीट हलते का हे बघायला त्यांनी ती ओढली, आणि बैलानं मांडीवर असं काही उत्तर दिलं की कप्तान दोन दिवस एका कुशीवर झोपून होते. विचारपूस करायला आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "शेपूट चांगलं चालतं." माझ्या लग्नात नेरळहून वऱ्हाड गाड्यांनी निघालं, तर हा गृहस्थ स्टेशनाबाहेर उभा राहून माणसांची वजनं डोळ्यांनी जोखतोय. माझ्या सासूबाईंची बहीण अंगानं चांगली भरलेली. ती गाडीत मागे टेकून बसली होती. कप्तान अदबीनं पुढे झाले आणि म्हणाले, "मावशी, तुमी मधी सरका. मागं बसलात तर नाक वर जाईल." नाक कुणाचं, गाडीचं की मावशींचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही. पुढची तीन वर्षं त्या माझ्या दारी आल्या नाहीत. बायको अजून ते माझ्या खात्यावर धरते.

आणि हा माणूस उंचीला भ्यायचा, हे सांगितलं तर खोटं वाटेल. माथेरानला आम्ही गेलो तर कड्यापासून दहा हात लांब, झाडाला धरून उभा. मी म्हटलं, "अहो कप्तान, रोज हजारो फूट वर असता, आणि इथं पाय लटपटतायत?" ते चिडले. म्हणाले, "तिथं माझ्याखाली विमान असतं मास्तर. हितं काय हाय?" उफणणीच्या दिवसांत गावच्या बाया सूप घेऊन त्यांना मुद्दाम विचारायच्या, "कप्तान, वारा कंदी सुटंल?" ते मान वर करून बराच वेळ ढगांकडे बघत, आणि हटकून चुकत. मग बाया हसत, आणि कप्तान सांगत की वरचा वारा त्यांनी बरोबर सांगितला होता, खालचा त्यांच्या अखत्यारीत नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. स्वातंत्र्य मिळून सव्वा वर्ष झालं असेल नसेल, तेव्हा एकदा कप्तान लिंबू न विचारताच जेवायला बसले आणि ताई घाबरली. कंपनीनं हैदराबादचं उड्डाण एका ठेकेदाराला देऊन टाकलं होतं. विमान कंपनीचं, तिकीट कंपनीचं, विमानाच्या अंगावर नाव कंपनीचं, पण चालवणारा ठेकेदाराचा. लढाईनंतर इकडेच अडकून पडलेले परमुलखातले वैमानिक त्या ठेकेदारानं गोळा केले होते. फेरीला इतके असा रोकडा व्यवहार. रजा नाही, आजारपण नाही, उद्याची हमी नाही. कप्तान भात कालवत म्हणाले, "गिरनी आमची, पाटी आमची, आन् भरडनारा तिसराच. उद्या भातात खडं निघालं तर लोकं शिव्या कुणाला घालतील, मास्तर?" मी म्हटलं, तुमची नोकरी तर आहे ना? ते म्हणाले, हैदराबाद गेलं, महिन्यानं मद्रास जाईल, मग आम्ही सत्तावीस जण काय उडवायचं, पतंग?

त्या सत्तावीस जणांची संघटना पोशीरच्या खळ्यात उभी राहिली, यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. मुंबईत जिथं बसावं तिथं मॅनेजरचे कान, म्हणून कप्तानांनी सगळ्यांना थंडीच्या दिवसांत गावी बोलावलं आणि पोपटी लावली, म्हणजे शेंगांनी भरलेली मडकी जाळात घालून भाजली. पारशी, पंजाबी, बंगाली, मद्रासी, एकजात इस्त्रीच्या पाटलोणीतले वैमानिक आमच्या खळ्यात गोणपाटावर बसून मडक्यातल्या वालाच्या शेंगा सोलतायत, आणि एक पंजाबी गडी मडक्यात वासाला घातलेला भांबुर्ड्याचा पालाही शेंगेबरोबर चावून खातोय, असं ते दृश्य. चिटणीस अर्थातच कप्तान. मतदान घ्या म्हणून कुणीतरी सुचवलं, तर ते साफ नाही म्हणाले. "हात मोजायचं नाय. मोजलं की हरलेला घरी जाऊन चुलीपाशी बडबडतो. गावकीसारखं बसायचं. शेवटचा मानूस हो म्हनेस्तवर उठायचं नाय." शेवटचा माणूस, एक बंगाली, दुसरं मडकं उघडल्यावर हो म्हणाला.

संपावर जायचं ठरलं तेव्हा कप्तानांनी त्यांना सावड समजावून सांगितली. मी इंग्रजीत सांगत होतो आणि ते मराठीत. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे मजुरी देऊन माणसं आणत नाहीत. आज सगळ्यांनी माझ्या शेतात, उद्या तुझ्या, परवा त्याच्या. माझी लावणी उरकली म्हणून मी घरी बसत नाही. सगळ्यांची होईपर्यंत चिखलातून बाहेर यायचं नाही. "तसंच हे," कप्तान म्हणाले. "सत्तावीस जनांचं काम माघारी येईस्तवर कुनी एकट्यानं उडायचं नाय." मागण्यांचा कागद मी लिहिला. ठेकेदाराला दिलेली उड्डाणं परत करा, ही पहिली मागणी. माणूस घेताना आणि काढताना नोकरीच्या ज्येष्ठतेची यादी पाळा, ही दुसरी. सत्तावीस नावांची ती यादीही मीच लिहिली. सगळ्यांत वर कप्तानांचं नाव. माझ्या इंग्रजीवर मी भलताच खूष होतो. कंपनीनं त्यातलं एक वाक्य तरी वाचलं असेल की नाही, देव जाणे.

संप सुरू झाला. सत्तावीस जण रोज सकाळी गणवेश चढवून विमानतळाच्या फाटकाशी उभे राहायचे, आणि कप्तान प्रत्येकाचं नाव घेऊन 'हाय?' विचारायचे. पारशी कॅप्टनसुद्धा 'हाय' म्हणायला शिकला होता. ठेकेदाराची माणसं कंपनीची विमानं जमतील तशी चालवत होती, पण त्यांचीही दमछाक होत आली होती. आणखी चार दिवस कळ काढली असती तर कंपनी वाकली असती, असं सगळेच म्हणायचे. मलाही तेच वाटतं.

बाराव्या दिवशी सकाळी काय झालं ते मला कप्तानांनीच सांगितलं. फाटकातून त्यांना हैदराबादचं विमान दिसत होतं. उतारू चढून बसले होते. आणि विमानाच्या पंखाखाली खोक्यावर ठेकेदाराचा वैमानिक घोंगडी पांघरून बसला होता. पोलंडकडचा, वयानं लहान, लढाईत घरदार गेलेला. तो लटलट कापत होता. कप्तान आत गेले, पहारेकरी ओळखीचाच होता, आणि त्यांनी त्याचं मनगट धरून बघितलं. आपल्या बाजूच्या माणसाला हिवताप कळायला डॉक्टर लागत नाही. ठेकेदाराचा माणूस शेजारी उभा राहून सांगत होता, उडवायचं नसेल तर आत्ताच चालता हो. तो पोर उठला, शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि खाली बसला. पुन्हा उठला. चढणार होता, यात शंका नव्हती. एकवीस माणसं घेऊन तो तसाच वर जाणार होता.

आमच्याकडे लावणीत कुणी फणफणून चिखलात बसला, तर शेजारचा त्याच्या हातातली रोपांची मूठ काढून घेतो आणि त्याची ओळ पुरी करतो. भांडण असलं तरी करतो. विचारून करत नाही. कप्तानांनी त्या पोराच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली, त्याला दंडाला धरून वर नेलं, बाजूच्या खुर्चीत घोंगडीत गुंडाळून बसवलं, आणि विमान उडवलं. कागद वाचत ते एकेक वस्तू विचारत होते आणि तो कुडकुडत उत्तरं देत होता. फाटकाशी उभे असलेले सव्वीस जण बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं छापून आणलं की संघटनेचे चिटणीस स्वतःच कामावर रुजू झाले आहेत. झालं. कप्तान फाटकाशी गेले तेव्हा कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी अंगावर आलं नाही. त्यांनी पहिलं नाव पुकारलं, पारशी कॅप्टनचं, दोघं एका ताटात जेवणारे. तो गप्प राहिला. दुसरं पुकारलं. तोही गप्प. सत्तावीस नावं संपेपर्यंत कप्तान पुकारत राहिले, स्वतःचं धरून, असं नंतर त्या पंजाब्यानं मला सांगितलं. त्या दिवशी चौघं फाटक सोडून घरी गेले, आठवडाभरात संप मोडला. ठेकेदार राहिला तो राहिलाच. बाकीच्यांना कंपनीनं सांगितलं, गरज लागेल तसं बोलावू. तातडीचं बोलावणं एकट्या कप्तानांना आलं, आभाराच्या पत्रासकट. ते त्यांनी वाचून पुन्हा चिकटवलं आणि न फोडल्यासारखं परत पाठवलं.

त्याच आठवड्यात ते कर्जतला माझ्याकडे आले. अंगणात उभ्या उभ्या सगळी हकिगत सांगितली. आणि मी, पोरांना व्याकरण शिकवणारा, संपाचा कागद लिहिला म्हणून स्वतःला कुणीतरी समजणारा, त्यांना म्हणालो, "डॉक्टर बोलवायचा होता. आरडाओरडा करायचा होता. विमानापुढं आडवं पडायचं होतं. तुम्ही सव्वीस घरांचा घात केलात, कप्तान." त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, भांडं पालथं घातलं आणि स्टेशनाकडे चालू लागले. गाडीला अजून दोन तास होते हे मला माहीत होतं. तरी मी हाक मारली नाही. इतक्या वर्षांत मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण तेवढा नीचपणा पुन्हा केल्याचं आठवत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीकडून निरोप आला की एकेक जागा होईल तसतशी यादीप्रमाणे माणसं परत घेऊ, यादी पाठवा. सव्वीस जणांनी मला पत्र लिहिलं, कारण मूळ प्रत माझ्याकडे. कप्तानांना हे गिरणीवर कुणाकडून तरी कळलं असावं. ते पुन्हा आले. या वेळी मी सतरंजी घातली, चहा सांगितला, आणि माफी कशी मागावी याची मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "मास्तर, यादी परत लिवायची हाय. माझं नाव खाली घ्या."

"खाली म्हणजे?"

"शेवटाला. सावड मोडनाऱ्याची लावनी आपल्यात शेवटी करतात. तुमी काय परगावचे हाव का?"

मी म्हटलं, अहो, तुम्ही सावड मोडली कुठं? आजाऱ्याच्या हातातली मूठ घेणं हीसुद्धा सावडच. मी त्या दिवशी बोललो ते रागाच्या भरात बोललो, विसरून जा. मला वाटलं, आता ते मोकळे होतील. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लोकांना ते सांगायला बरं हाय. पन तुमाला सांगतो. अकरा दिस जमिनीवर होतो, मास्तर. त्याचा ताप बघितला आन् वाईट वाटलं, ते खरं. पन त्याच्या आधी हात शिवशिवलं. विमान उभं, आन् चालवनारा नाय. मला बरं वाटलं. पोरगं खाली बसलं आन् मला बरं वाटलं." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. "आता लिवा. आन् कुनाला सांगू नका. सांगितलंत तर ती मंडळी नको म्हनतील, आन् परत पैला नंबर देतील."

मी लिहिली. अक्षर छान वळणदार काढलं. सव्वीस नावं एकेक नंबर वर सरकवली आणि सत्ताविसाव्या जागी त्यांचं नाव घातलं. एक प्रत परस्पर कंपनीला धाडली, एक स्वतःकडे ठेवली. त्या वेळी मला वाटलं की माणूस स्वतःहून शिक्षा घेतोय तर आपण मध्ये का पडावं. थोडं बरंही वाटलं, तेही सांगून टाकतो, कारण यामुळे माझी माफी मागायची राहून गेली तरी चालणार होतं.

एकेक माणूस परत गेला. कुणी कामावर रुजू झाला की मला पत्र यायचं आणि मी त्या नावावर रेघ मारायचो. कप्तान दर रविवारी विचारायचे, "कितवा लागला?" सात. बारा. एकोणीस. ज्याला दोन लहान मुलं होती तो शेवटून तिसरा मद्रासी लागला, तेव्हा त्यांनी ताईला खीर करायला लावली. सव्विसावा लागला आणि पत्रं यायची थांबली. उरलेली उड्डाणंही पुढे ठेकेदाराकडेच गेली, कंपनीला सत्ताविसाव्या माणसाची गरज पडली नाही. पारशी कॅप्टनचं एक पत्र आलं होतं. त्यात त्यानं विचारलं होतं, तुमच्या माणसाचं नाव कंपनीनं तळाला टाकलं का? बरं झालं, असं आमच्यातले काही म्हणतात, पण मला झोप लागत नाही. मी उत्तरात हवापाण्याचं लिहिलं. शब्द दिला होता ना.

कप्तान गिरणीवर बसतात. भरड चांगली काढतात, नेरळपासून लांबलांबचे लोक भात घेऊन येतात. सुरू करायच्या आधी पट्टा, तेल, पाणी सगळं मोठ्यानं विचारतात आणि स्वतःच 'हाय' म्हणतात. हातात दम आहे, डोळे अजून घारीचे आहेत. परवा मी त्यांना म्हटलं, आता तरी त्या लोकांना खरं कळवू का, की तळाची जागा तुम्हीच मागून घेतली? ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आपापल्या कामाला लागलेत." आणि मी पुन्हा गप्प बसलो, कारण मला गप्प बसायची सवय झाली आहे. एक ओळ लिहायची होती. सव्वीस माणसं मिळेल त्या गाडीनं पोशीरला आली असती. तो वळणदार अक्षराचा कागद माझ्या पेटीत आहे, सव्वीस रेघा ओढलेला, आणि सत्ताविसावं नाव मी माझ्या हातानं तिथं घातलेलं आहे.